मुंबईत चहा-नाश्ता: दोघांचं बिल किती आणि त्यातलं देणं किती

मुंबईत दोन माणसांनी बाहेर चहा-नाश्ता करायचा म्हटला तर साठ-सत्तर रुपयांतही भागतं आणि पाच हजारही पुरत नाहीत. चहापत्ती, दूध, साखर, पाव यांच्या खर्चात एवढी तफावत असूच शकत नाही. तफावत असते जागेची. टपरीवर आपण उभे असतो, उडुप्याकडे वीस मिनिटं बसतो, कॅफेत दोन तास काढतो, आणि त्या बसण्याचं भाडं खाण्याच्या दरात मिसळलेलं असतं. त्यामुळे घरातून निघतानाच एक गोष्ट ठरवावी: आपण खायला चाललोय की बसायला? खायला चालला असाल तर जास्त पैसे मोजून पदार्थ जास्त चांगला मिळतोच असं नाही; या शहरातले उत्तमातले उत्तम नाश्त्याचे पदार्थ शंभर-सव्वाशेच्या आतच आहेत. निवांत बोलायचं असेल, कामाची भेट असेल, पाहुण्यांना घेऊन बसायचं असेल, तर जागेचे पैसे द्यावेच लागतात आणि ते देण्यात वावगं काही नाही. गल्लत होते ती दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच दरात मिळतील अशी अपेक्षा धरल्यावर.

पुढचे दर विभागानुसार कमी-जास्त होतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी एक आकडा न देता खालची-वरची मर्यादा दिली आहे. बिलावरच्या करांचे नियम मात्र सगळीकडे एकच आहेत आणि ते जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पैसे तिथे सुटतात किंवा वाचतात.

टपरीबद्दल फार सांगायला नको. कटिंग १० ते १५ रुपये, वडापाव १५ ते २५, समोसापाव त्याच्याच आसपास. दोघांचं साठ-सत्तरमध्ये होतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर १९३९ पासून असलेलं ‘आराम’ किंवा दादर स्टेशनच्या पश्चिमेला १९१० पासून असलेलं ‘मामा काणे’ अशा ठिकाणी थोडे जास्त पैसे पडतात, पण बसायला बाक मिळतो, पाणी मिळतं आणि वडा घाण्यावरून थेट ताटलीत येतो. गाडीवर खायचं असेल तर गर्दीची गाडी निवडा. तिथला वडा कढईबाहेर फार वेळ राहत नाही, हे एवढंच कारण पुरे आहे.

इराण्याकडे

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून झरतुष्ट्री मंडळी मुंबईत आली आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी चहाची दुकानं थाटली. कोपऱ्याची जागा इतर व्यापारी अशुभ मानून सोडून देत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. काहीही असो, दोन्ही रस्त्यांकडे उघडणाऱ्या दारांमुळे या दुकानांत उजेड-वारा भरपूर. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, गल्ल्याशेजारी नानकटाई आणि खारीच्या काचेच्या बरण्या. धोबीतलावची ‘कयानी’ १९०४ची, मरीन लाइन्सची ‘ससानियन’ १९१३ची, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलची ‘कूलार’ १९३२ची. एकेकाळी नाक्यानाक्यावर इराणी होता. आता मोजकी दुकानं उरली आहेत.

इथे चहा २५ ते ४० रुपये, ब्रुन मस्का ४० ते ७०, खारी किंवा मावा केक २० ते ५०. अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची मसालेदार भुर्जी, पावासकट १२० ते १८०. खिमा पाव १८० च्या पुढे, आणि बिल वाढतं ते इथूनच. दोन चहा, दोन ब्रुन मस्का आणि एक अकुरी घेतलीत तर तीनशेच्या आसपास होतं. खिमा आणि रास्पबेरी सोडा घेतला की पाचशे-सहाशे. ती लाल रास्पबेरी १८६५ पासून सोडा बनवणाऱ्या ‘पालनजी’ची असते आणि बाटलीवर छापील किंमत असते, टेबलावर तिचे थोडे जास्त लावले जाऊ शकतात. त्याबद्दलचा नियम पुढे येतोच.

इराण्याकडे पहिल्यांदा जाणाऱ्याने ब्रुन मागवावा, बन नव्हे. बन मऊ आणि गोडसर, तो कुठेही मिळतो. ब्रुनचं कवच खरपूस, कडक; सुरीने कापताना चुरा उडतो, आत मस्का जाडसर थापलेला. तो तसाच चावू नये. तुकडा कडेने चहात धरायचा, कवचाने चहा ओढून घेतला की तोंडात टाकायचा. मस्का अर्धवट वितळलेला, कडेचा खरपूसपणा शिल्लक, आणि कपातल्या चहावर लोण्याचे सोनेरी ठिपके. चहा कडक हवा असेल तर ‘पानी कम’ सांगा, वेटरला पुढचं सांगावं लागत नाही. इतक्या कमी पैशांत या शहरात याहून समाधानाची गोष्ट मला तरी माहीत नाही.

दोन व्यवहारी सूचना. बेलार्ड इस्टेटमधलं १९२३चं ‘ब्रिटानिया’ बेरी पुलावासाठी प्रसिद्ध असलं तरी ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे; संध्याकाळी चहाला म्हणून तिथे जाऊ नका, दार बहुधा बंद असेल. दुसरी, मावा केक आणि ताजा ब्रुन सकाळीच घ्यावा. दुपारनंतर बरणीत जे उरतं ते उरलेलंच असतं.

पाव महाग झाल्याची कुरकूर सध्या सगळीकडे आहे. मैदा आणि लोणी महागलं हे तर आहेच. त्यात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाचं कारण देऊन लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनाकडे वळायला सांगितलं. जुन्या बेकरीला भट्टी बदलणं हा मोठा खर्च आहे आणि तो शेवटी लादीवरच येतो. म्हणून ब्रुन मस्का दहा रुपयांनी वाढलेला दिसला तर मी हुज्जत घालत नाही. इराण्याला रागवायचंच असेल तर दुसरी चांगली कारणं आहेत, जसं की दुपारी तीनलाच खारी संपवणं!

दादर, गिरगाव

मराठी उपाहारगृहं हा या शहराचा सगळ्यात कमी किमतीला मिळणारा ठेवा आहे, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण तो दाखवायचाच विसरतो. त्यांना समुद्रासमोरच्या कॅफेत नेऊन हजार रुपये घालवतो आणि दादरला साबुदाणा वडा खायला नेत नाही. गिरगाव आणि दादरच्या ‘प्रकाश’, शिवसेना भवनासमोरच्या ‘आस्वाद’, ‘पणशीकर’ अशा ठिकाणी बटाटावडा, मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडी, दडपे पोहे, डाळिंबीची उसळ असा तो सगळा थाट आहे. ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये फूडी हबचा जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला होता. पुरस्काराच्या बातमीनंतर गर्दी वाढली, पण पदार्थ तोच राहिला.

दर असे: बटाटावडा दोन नगांची प्लेट ५० ते ८०, मिसळ ९० ते १३०, साबुदाणा वडा ८० ते ११०, कोथिंबीर वडी ८० ते ११०, थालीपीठ ९० ते १४०, पियुष ७० ते १००. दोघांनी एक साबुदाणा वडा, एक कोथिंबीर वडी आणि दोन पियुष घेतले तर साधारण पावणेचारशे. भूक भागते, वर काही मागवायची गरज पडत नाही. पियुष हे पेय म्हणून मागवू नका, तो पदार्थच आहे. श्रीखंड ताकात घुसळून जायफळ-केशर घातलेला तो पिवळसर, दाट पेला एकट्याने संपवला की जेवण लांबतं. दोघांत एक पुरतो आणि ऐंशी-नव्वद रुपये वाचतात.

इथे पैसे वाढवणारी जागा म्हणजे जादा पाव. मिसळीबरोबर दोन पाव येतात, तिसऱ्यापासून पैसे लागतात. कटाची वाटी मात्र बहुतेक ठिकाणी पुन्हा मागितली तर मिळते. आधी विचारावं. ‘दादा, कट परत मिळेल ना?’ एवढं विचारायला लाज कसली? आणि गर्दीची वेळ सांभाळा. संकष्टीला, एकादशीला उपवासाच्या पदार्थांवर झुंबड असते. अंगारकीला सिद्धिविनायकाची गर्दी उतरली की दादर-प्रभादेवीत साबुदाणा वड्यासाठी अर्धा तास उभं राहावं लागतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तो दिवस टाळाच. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेतीन-चारला गेलात तर खुर्ची लगेच मिळते आणि वडा ताज्या घाण्याचा मिळतो.

माटुंगा

माटुंगा पूर्वला स्टेशनातून उतरलं की दहा मिनिटांच्या आत ‘रामाश्रय’ आहे, पुढे किंग्ज सर्कलकडे १९४० चं ‘कॅफे मद्रास’ आहे. इडली ५० ते ७०, साधा डोसा ७० ते ९०, मसाला डोसा ९० ते १२०, अननस शिरा ६० ते ८०, फिल्टर कापी ४० ते ५०. एक इडली, एक मसाला डोसा, एक शिरा आणि दोन कापी यांचे साधारण ३३० होतात, त्यावर पाच टक्के कर धरून ३४६ रुपये ५० पैसे. सांबार आणि चटणी पुन्हा मागितली तर सहसा मिळते. कापी शेवटी सांगावी, नाहीतर डोशाआधीच येऊन गार होते.

रविवारी सकाळी इथे दारात वही घेऊन माणूस उभा असतो. नाव आणि माणसं सांगायची आणि वाट पाहायची. चार जणांचं टेबल दोन कुटुंबांना वाटून दिलं जातं, त्याला नाही म्हणू नका. ज्यांना गप्पा मारायच्या आहेत त्यांनी रविवार इथे घालवू नये, कारण आपल्यामागे उभे असलेले आजी-आजोबा आपला शेवटचा घास मोजत असतात. या दरात इतकी चांगली इडली परवडते ती याच हिशोबावर: एकेक टेबल दिवसातून कितीतरी वेळा फिरतं. आपण तासभर बसलो तर तो हिशोब मोडतो. कामाच्या दिवशी सकाळी साडेसात-आठला जा. सांबार उकळता असतो आणि उठायची घाई करायला लावत नाहीत.

बसायचंच असेल तर

भारतातलं पहिलं स्टारबक्स १९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईतच, हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडलं. तेव्हापासून साखळी कॅफे आणि त्यांच्या मागोमाग छोटे, देखणे कॅफे वांद्रे, लोअर परळ, काळा घोडा भागांत भरपूर झाले. कॅपुचिनो २२० ते ३८०, सँडविच ३०० ते ५००, चीजकेकचा तुकडा ३०० ते ४५०. दोघांचे हजार-दीड हजार सहज. त्या बदल्यात वातानुकूलित जागा, वायफाय, स्वच्छतागृह, आणि दोन तास कुणी उठवत नाही. मुलाखतीसाठी, अभ्यासासाठी, घरी जागा नसलेल्या शहरात शांतपणे बोलण्यासाठी हा दर मला जास्त वाटत नाही. भुकेसाठी मात्र फार जास्त आहे. पोट घरी भरून जा आणि तिथे फक्त कॉफी घ्या, म्हणजे खर्च अर्ध्यावर येतो. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळ्यांनी मेनूवर पदार्थांतले उष्मांक लिहायचे असा जुलै २०२२ पासूनचा नियम आहे. मधुमेह असलेल्यांनी कॉफीच्या फेसाळ पेयांचे आकडे एकदा वाचून पाहावेत, डोळे उघडतात.

मधल्या दरात बसायची दोन ठिकाणं मी आवर्जून सांगते. जुहूला पृथ्वी थिएटरच्या आवारातला कॅफे, जिथे सुलेमानी चहा घेऊन नाटकाआधी झाडाखाली बसता येतं. आणि चर्चगेटच्या वीर नरिमन रस्त्यावर टी बोर्डाच्या पुढाकारातून सुरू झालेलं टी सेंटर, जिथे दार्जिलिंग, आसाम, निलगिरी असे चहा किटलीत मिळतात. किटली दोघांत घेता येते का ते आधी विचारून घ्या.

ताजमहाल पॅलेसमधल्या सी लाउंजसारख्या ठिकाणी दुपारचा चहा, म्हणजे सँडविच, केक, भेळ, शेवपुरी असा सगळा सरंजाम, माणशी चार आकड्यांत जातो. वाढदिवस, आई-वडिलांचा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस अशा दिवशी जरूर जावं. फक्त मेनूवरचा आकडा शेवटचा नसतो हे लक्षात ठेवा. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या खाण्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. माणशी २,००० धरले तर दोघांचे ४,०००, त्यावर ७२० कर, एकूण ४,७२०. खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर आधी फोन करावा आणि त्याच फोनवर करासकट रक्कम विचारावी.

बिल हातात आल्यावर

खोलीचं भाडं ७,५०० च्या वर असलेली हॉटेलं सोडली तर मुंबईतल्या बाकी सगळ्या हॉटेलांत, कॅफेंत, इराण्याकडे खाण्यावर जीएसटी ५ टक्के आहे. तो बिलावर दोन ओळींत दिसतो, केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. वातानुकूलित दालनात १८ टक्के लागतात हा समज अजून लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. तसं २०१७ मध्ये सुरुवातीचे काही महिने होतं. १५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी, बिनएसी सगळ्यांना ५ टक्केच. एसीसाठी हॉटेलवाला मेनूचे दर वेगळे ठेवू शकतो, ते दारात लिहिलेले असतात. कर मात्र वेगळा लावू शकत नाही.

आता लहान उपाहारगृहांचा एक खास मुद्दा, जो फार कमी ग्राहकांना ठाऊक असतो. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या हॉटेलाला कंपोझिशन योजना घेता येते. त्यात मालक आपल्या उलाढालीवर स्वतःच्या खिशातून कर भरतो आणि ग्राहकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही. अशा दुकानात तो कंपोझिशन करदाता असल्याची पाटी लावणं बंधनकारक आहे. उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीही लागत नाही, मग कर लावायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे गल्लीतल्या छोट्या हॉटेलाने हाताने लिहिलेल्या बिलावर ५ टक्के जीएसटी जोडला असेल, तर बिलावर जीएसटी क्रमांक आहे का ते पाहा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की दुकानदार नियमित आहे की कंपोझिशनवाला, हे लगेच दिसतं. क्रमांकच नसेल तर कर देऊ नका. पाच-दहा रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण हे पाच-दहा रुपये शंभर ग्राहकांकडून रोज घेतले जात असतील, तर सरकारला न मिळणारे ते पैसे कुणाच्या तरी खिशात जात असतात.

त्याच बिलावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांकही असायला हवा. जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. पोट बिघडल्याची तक्रार करायची वेळ आली तर हा क्रमांक उपयोगी पडतो.

आणि सर्व्हिस चार्ज. तो कर नाही. सरकारला त्यातला एक पैसाही जायचा नसतो. तो हॉटेलने स्वतः लावलेला आकार असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलने तो आपोआप बिलात धरायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं. हॉटेलचालकांच्या संघटना या तत्त्वांविरुद्ध न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती योग्य ठरवली. संघटना पुढे अपिलात गेल्या आहेत.

रकमेत हे कसं उतरतं ते पाहा. लोअर परळच्या एका कॅफेत आम्ही दोघींनी दोन कॉफी, एक सँडविच आणि एक चीजकेक घेतला. मेनूप्रमाणे १,३०० रुपये. बिलात त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, १३० रुपये. मग या दोन्हीवर, म्हणजे १,४३० वर, ५ टक्के जीएसटी, ७१ रुपये ५० पैसे. एकूण १,५०१ रुपये ५० पैसे. सर्व्हिस चार्ज काढला तर कर १,३०० वरच लागतो, ६५ रुपये, आणि एकूण होतात १,३६५. फरक १३६ रुपये ५० पैशांचा. न मागितलेल्या बक्षिसीवर आपण करही भरतो, हे या बिलात स्पष्ट दिसतं. मी वेटरला म्हटलं, ‘दादा, सर्व्हिस चार्ज काढून बिल परत आणाल का?’ तो म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीममध्ये येतोच तो, मॅनेजरना विचारतो.’ मॅनेजर आले, एकदा मेनूच्या तळाची बारीक ओळ दाखवली, मग बिल बदलून दिलं. वाद झाला नाही. मेनूवर बारीक अक्षरांत लिहिलं म्हणून ते बंधनकारक होत नाही, एवढं शांतपणे सांगता आलं पाहिजे. वेटरवर आवाज चढवू नका. हा आकार त्याने लावलेला नसतो आणि त्याला त्यातलं किती मिळतं याची खात्रीही नसते. त्याचं काम आवडलं असेल तर हातात रोख द्या. इराण्याकडे, उडुप्याकडे दहा-वीस रुपये, कॅफेत पन्नास, आणि रविवारच्या गर्दीत कुणी आजीसाठी खुर्ची शोधून दिली असेल तर त्याहून जास्त. ती रक्कम तुमच्या मनाची.

बाटलीबंद पाण्याचा नियम लोकांना उलटा माहीत असतो. हॉटेलात टेबलावर आणून दिलेली बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं मान्य केलं, कारण तिथे बाटलीबरोबर जागा आणि सेवाही दिली जाते. पण तीच बाटली किंवा बिस्किटाचा पुडा गल्ल्यावरून दुकानासारखा विकत घेतला तर छापील किंमतच. म्हणून बसताक्षणी वेटरने ‘बिसलेरी की साधं?’ विचारलं की साधं सांगा, किंवा घरची बाटली न्या. बाटली आधीच टेबलावर ठेवलेली असेल तर झाकण उघडायच्या आत परत द्या.

पार्सल आणि अ‍ॅप

पार्सलवरही कर ५ टक्केच. डब्याचे मात्र वेगळे १० ते २० रुपये लावतात. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर डबे महागले, हे खरं आहे. सांबार, मिसळीचा कट यासाठी स्वतःचा स्टीलचा डबा नेलात तर बहुतेक जुनी उपाहारगृहं आनंदाने भरून देतात आणि डब्याचे पैसे लावत नाहीत.

अ‍ॅपवरून मागवताना दुकानातला दर आणि अ‍ॅपवरचा दर पडताळून पाहा. पदार्थाचाच भाव बऱ्याचदा वाढवलेला असतो, कारण अ‍ॅपचं कमिशन त्यातूनच निघतं. वर डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म, पॅकिंग असे तीन आकार येतात. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरच्या खाण्याचा जीएसटी हॉटेलऐवजी अ‍ॅप कंपनीच गोळा करते. त्यामुळे कंपोझिशनवाल्या दुकानात जाऊन खाल्लात तर कर शून्य, तोच वडा अ‍ॅपवरून मागवलात तर ५ टक्के. बटाटावड्यासारखा पदार्थ वाटेत मऊ पडतो तो तोटा वेगळाच; नव्वद रुपयांचा साबुदाणा वडा घरी पोचेपर्यंत दीडशेचा आणि गार झालेला असतो. पायी पंधरा मिनिटांवर उपाहारगृह असेल तर चालत जा.

सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला, कंपोझिशनच्या दुकानाने जीएसटी लावला किंवा गल्ल्यावर छापील किमतीहून जास्त पैसे घेतले, तर तिथे भांडत बसू नका. पैसे देऊन मोकळे व्हा, बिलाचा आणि मेनूच्या त्या पानाचा फोटो काढा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीतूनही बोलता येतं. तक्रारीत हॉटेलचं नाव, तारीख, बिल क्रमांक, जादा घेतलेली नेमकी रक्कम आणि काढून देण्याची विनंती केली होती का, एवढं सांगा. हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली असेल तर त्यावर दुकानाचा शिक्का मागून घ्या; शिक्क्याशिवाय ती कुणाचीही असू शकते. तक्रार क्रमांक मिळाला की तो बिलाच्या मागे लिहून ठेवा.